फोटो मशीन काढतं, पण उजेड माणूस ठरवतो



वनहक्काच्या दाव्यांची मोजणी आता पाड्यापाड्यावर येते आहे. पूर्वी मोजणी म्हणजे साखळी नाहीतर टेप. साखळीच्या कड्या कुणालाही मोजता यायच्या. टेप कुठे सैल पडली ते आपली म्हातारी माणसं बांधावर उभं राहून सांगायची. आता मोजणीवाले जीपीएसची डबी हातात घेऊन येतात. कुठे कुठे तिपाईवर टोटल स्टेशन लावतात. यातल्या नव्या मशीनींना कॅमेरा असतो. कोपऱ्यावर जाऊन खूण घेतली की तिथला फोटो काढायचा आणि मोजणीच्या आकड्याबरोबर मशीनमध्ये साठवायचा, अशी ही पद्धत आहे. पुढे तोच फोटो कागदावर छापून दाव्याच्या फाइलीत लागतो.

आम्ही आज या फोटोबद्दल लिहितो आहोत. मोजणीचे आकडे नीट पाहा, पंचनामा वाचून घ्या, कोऱ्या कागदावर सही-अंगठा करू नका, हे आपल्या पत्रकातून अनेकदा सांगून झालं आहे. पण फोटोचं काय? फोटो काढला की आपण मान हलवतो. मशीनने काढलाय म्हणजे बरोबरच असणार, असं वाटतं. आमचं म्हणणं असं की फोटोही तपासून घ्यायची गोष्ट आहे. कॅमेऱ्याचा उजेड किती ठेवायचा, फोटो बारीक काढायचा की ठोकळ, सूर्य कुठल्या बाजूला ठेवायचा, हे सगळं मशीन धरणारा माणूस ठरवतो. काही तो ठरवतो, काही आदल्या दिवशीचं तसंच राहून जातं. आणि त्यावर आपलं शेत कागदावर शेत दिसणार की रान दिसणार, हे ठरतं.

फोटोत काय दिसलं पाहिजे?

वनहक्क कायदा 2006 सालचा. त्याचे नियम 2008 साली आले आणि 2012 साली त्यात सुधारणा झाली. नियम 13 मध्ये कुठले कुठले पुरावे चालतात ते दिलं आहे. सरकारी कागद आहेत, तसंच जमिनीवर दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. घर, झोपडी, जमीन सपाट केलेली असणं, बांध घातलेले असणं, पाणी अडवलेलं असणं, हे सगळं पुरावा आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हाही पुरावा आहे.

आपल्यातल्या किती जणांकडे जुने कागद आहेत? काहींकडे दंडाच्या पावत्या आहेत, काहींच्या कुडाच्या घरात उंदरांनी आणि पावसाने त्याही खाल्ल्या. ज्याच्याकडे कागद नाही त्याचा कागद म्हणजे त्याचा बांध. आजोबाने दगड वेचून रचलेला गडगा, खाचराची पाळ, राब भाजायची जागा, मळणीचं खळं, शेताच्या मधोमध राखलेला मोह. ही सगळी अक्षरंच आहेत, फक्त ती जमिनीवर लिहिलेली आहेत. कॅमेऱ्याने ती वाचता येतील अशी उतरवली तर दाव्याला जोर येतो. काळ्या डागासारखी उतरवली, तर वरच्या समितीत बसलेला माणूस फाइल उघडतो, त्याला गडद हिरवं-काळं काहीतरी दिसतं आणि तो म्हणतो, इथे तर झाडीच आहे.

आजचा फोटो एकटाच 13 डिसेंबर 2005 च्या आधीची वहिवाट सिद्ध करत नाही, हेही ध्यानात ठेवा. पण शेवाळ धरलेला गडगा, गडग्याच्या दगडांतून वर आलेलं जुनं झाड, वर्षानुवर्षांच्या नांगरटीने उंच-सखल झालेले टप्पे, हे काल-परवाचं काम नाही हे बघणाऱ्याला कळतं. त्याला म्हाताऱ्यांच्या जबाबाची जोड मिळाली की पुरावा उभा राहतो. म्हणून दगडावरचं शेवाळसुद्धा फोटोत दिसलं पाहिजे.

कॅमेरा फोटो कसा बनवतो

हे समजायला लांब जायला नको. तुमच्या हातातलं हे पत्रक बघा. स्टेन्सिल एकच असते. शाई जास्त झाली की अक्षरं एकमेकांत मिसळतात, 'घ' आणि 'ध' ओळखू येत नाही. शाई कमी पडली की शेवटच्या प्रती फिक्या येतात, काना-मात्रा उडून जातात. मजकूर तोच, पण एका प्रतीत वाचता येतो आणि दुसऱ्या प्रतीत नाही. कॅमेऱ्यात शाईच्या जागी उजेड असतो. उजेड कमी घेतला तर फोटो काळवंडतो, जास्त घेतला तर पांढरा फटक होतो.

बहुतेक वेळा मशीन हा उजेड आपणच ठरवतं. त्याला ऑटो म्हणतात. ऑटोमध्ये मशीन समोरच्या सगळ्या चित्राचा सरासरी उजेड बघतं. आता आपली शेतं कशी असतात? वर लख्ख आभाळ, खाली डोंगराच्या कुशीतली सावली, बाजूला साग आणि ऐन. चित्रात आभाळ जास्त आलं की मशीनला वाटतं, उजेड फार झाला. ते सगळंच कमी करतं. आभाळ छान निळं येतं आणि आपलं शेत काळं पडतं. मशीनने खोटं केलं असं नाही. त्याला शेत कुठलं आणि आभाळ कुठलं याची समज नाही. ती समज माणसाने द्यायची असते. कॅमेरा थोडा खाली वळवायचा, आभाळ कमी घ्यायचं, नाहीतर उजेडाची सेटिंग एक-दोन घरं वाढवायची. एवढ्याने बांध वर येतो.

एका पाड्यावर आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं. मोजणी करणारे सावलीला, मोहाखाली उभे राहिले आणि समोरच्या वरईच्या शेताचा फोटो घेतला. मशीनच्या पडद्यावर झाडाचं खोड आणि फांद्या काळ्या, मागचं शेत पांढरं, मधला बांध कुठेच नाही. शेताची मालकीण म्हातारी आजी. तिने पडद्यावर वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्यात माझा बांध कुठं हाय?" कुणाला दाखवता येईना. मग मोजणीवाल्याला झाडाबाहेर यायला सांगितलं, उजेडाची सेटिंग बदलायला लावली. दुसऱ्या फोटोत बांध दिसला, बांधावरचे दगडही दिसले. मोजणीवाला चांगला माणूस होता, त्याने वाद घातला नाही. पण आजीने विचारलं नसतं तर पहिलाच फोटो फाइलीत गेला असता.

कुठल्या सेटिंगने काय बिघडतं

पहिली गोष्ट, पडद्याचा उजेड आणि फोटोचा उजेड वेगळे. उन्हात पडदा दिसत नाही म्हणून मोजणीवाले पडद्याचा उजेड वाढवतात. त्याने फोटो पडद्यावर उजळ वाटतो, पण साठवलेला फोटो तसाच काळा राहतो. उलटंही होतं. म्हणून फोटो बघताना पडद्यावर सावली धरायची, घोंगडी धरा, छत्री धरा, आणि मग बघायचं.

दुसरी, फोटोचा बारीकपणा. याला रिझोल्युशन म्हणतात. फोटो म्हणजे बारीक बारीक चौकोनी ठिपक्यांची गोधडी समजा. ठिपके जास्त असतील तर दगड न् दगड दिसतो. कमी असतील तर सगळं गिजबिज. आडवे 320 आणि उभे 240 ठिपके धरले तर सगळे मिळून 76,800 होतात. 640 आणि 480 धरले तर 3,07,200, म्हणजे चौपट. मशीनमधली जागा वाचावी, फोटो पटकन साठवला जावा, म्हणून पुष्कळदा बारीकपणा कमी ठेवलेला असतो. दोन फूट उंचीचा बांध लांबून घेतला तर अशा फोटोत तो एखाद्या रेघेइतका उरतो, नाहीतर उरतही नाही. नंतर कचेरीत कितीही मोठा करून छापला तरी जे ठिपके घेतलेच नाहीत ते कुठून येणार? झूमचंही तसंच. काही मशीनींत झूम म्हणजे आहेत तेच ठिपके फुगवणं असतं. जवळ जाऊन काढलेला फोटो झूमपेक्षा बरा.

तिसरी, रंग आणि गडद-फिका यातला फरक. वाळलेलं गवत, नागलीचा कापलेला धांडा, मोकळी माती, यांचे रंग एकमेकांच्या जवळचे असतात. सेटिंग चुकली की सगळ्यावर निळी नाहीतर पिवळी झाक येते आणि शेत कुठे संपलं, माळ कुठे सुरू झाला ते कळत नाही. त्यात फाइलीला लागतो तो पुष्कळदा काळा-पांढरा प्रिंट, नाहीतर झेरॉक्स. रंगीत फोटोत हिरवं झाड आणि तांबडी माती वेगळी दिसते. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही सारखीच राखाडी होऊ शकते. म्हणून पडद्यावर बघून थांबू नका. फाइलीत काय लागलं तेही बघा.

चौथी, घड्याळ. उपग्रहाकडून जी वेळ मशीनला मिळते ती जागतिक वेळ असते. आपली भारताची वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. मशीनमध्ये भारताची वेळ लावली नसेल तर सकाळी 10 वाजता काढलेल्या फोटोवर 4:30 अशी वेळ उमटू शकते. उद्या कुणी विचारलं, पहाटे साडेचारला एवढं ऊन कसं, तर आपल्याच पुराव्यावर संशय येईल. तारीख आणि वेळ मोजणी सुरू करायच्या आधीच बघून घ्यावी.

पाचवी गोष्ट सेटिंगची नाही, पण तिच्याइतकीच मोठी आहे. ती म्हणजे सूर्य. दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हा बांधाची सावली पडत नाही आणि फोटोत जमीन सपाट दिसते. सकाळी किंवा उतरत्या उन्हात बांधाची सावली लांब पडते, टप्पे उठून दिसतात. आपल्या बायामाणसांना हे ठाऊक आहे. हरवलेला विळा गवतात शोधायचा तर तिरप्या उन्हातच शोधतात. आणि सूर्य कॅमेऱ्याच्या तोंडावर नको.

मोजणी वेगळी, फोटो वेगळा

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, म्हणजे मोजणीच्या जागी फुकट भांडण होणार नाही. फोटो काळा आला म्हणून क्षेत्र कमी भरत नाही. टोटल स्टेशन अंतर मोजतं ते किरण सोडून. किरण समोरच्या काठीवरच्या काचेवर आपटून परत येतो, त्यावरून अंतर निघतं. कोन मशीन वेगळा मोजतं. जीपीएसची डबी उपग्रहांकडून येणाऱ्या खुणांवरून जागा काढते. या दोन्हीत कॅमेऱ्याचा उजेड कुठे येत नाही. म्हणून "फोटो काळा काढला, माझी जमीन कापली" असं म्हणू नये. समोरचा लगेच म्हणेल, यांना काही कळत नाही.

क्षेत्र कमी भरायची कारणं वेगळी. दाट झाडाखाली किंवा कड्याच्या कुशीत डबीला उपग्रह नीट सापडत नाहीत आणि खूण काही मीटर इकडेतिकडे पडते. कोपऱ्यावर न थांबता चालता चालता खूण घेतली, वाकडा बांध सरळ रेघेने कापला, तरीही जमीन जाते. 100 मीटर लांबीच्या बांधावर खूण 3 मीटर आत पडली तर 300 चौरस मीटर गेले. एक गुंठा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ तीन गुंठे. एकराच्या प्लॉटवाल्याला तीन गुंठे म्हणजे केवढं, ते सांगायला नको.

पण इथेच चांगला फोटो कामाला येतो. खूण घेतली ती जागा बांधाच्या आत होती की बाहेर, हे फोटोत दिसलं तर आकड्याची चूक पकडता येते. आकडा आणि फोटो एकमेकांचे साक्षीदार आहेत. साक्षीदाराच्या डोळ्यावर काळं कापड असेल तर तो काय सांगणार?

वरून काढलेल्या चित्राचंही तेच

काही साथी म्हणतील, हातातल्या कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात, साहेब लोक तर उपग्रहाचं चित्र दाखवून दावे मोडतात. बरोबर आहे. पण तोही कॅमेराच, फक्त आभाळात टांगलेला. त्यालाही बारीकपणा असतो, त्याचेही रंग माणूसच ठरवतो. आपल्या देशाच्या उपग्रहांवर लिस-तीन नावाचा कॅमेरा आहे. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर साडेतेवीस मीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा. म्हणजे एका ठिपक्यात साडेपाच गुंठे. आपला एकराचा प्लॉट त्या चित्रात सात-साडेसात ठिपक्यांचा. त्यात शेतात राखलेले मोह-आंबे आले, कडेला साग आला, की ठिपका शेताचा म्हणायचा की जंगलाचा? झाडं न तोडता शेती केली हा आपला गुण, आणि चित्रात तोच आपल्याविरुद्ध जातो.

म्हणूनच 2012 च्या सुधारित नियमात, 12 क मध्ये, सरळ लिहिलं आहे की उपग्रहाची चित्रं आणि इतर तंत्रज्ञान हे बाकीच्या पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांच्या बदली नाही. गुजरातमध्ये उपग्रहाच्या चित्रावर भिस्त ठेवून दावे फेटाळले गेले तेव्हा तिथले लोक हायकोर्टात गेले आणि 2013 साली कोर्टाने फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला लावले. 'इतर तंत्रज्ञान' या शब्दांत मोजणीच्या मशीनचा कॅमेराही आला. फोटोत बांध दिसत नाही एवढ्या एका कारणावर कुणाचा दावा जाता कामा नये.

दोन बाजूंची मतं

आपल्यातच दोन मतं ऐकू येतात. काही जण म्हणतात, मशीन सरकारचं, माणूस सरकारचा, आपण त्यात डोकं घालून काय होणार? आपण जमिनीवर ठाम बसावं, बस्स. जमिनीवर ठाम बसायलाच हवं, त्यावर आमचा वाद नाही. पण दाव्याचा निकाल शेतात लागत नाही, तालुक्याला आणि जिल्ह्याला लागतो. तिथे आपला बांध चालत जात नाही, त्याचा फोटो जातो. तो कसा जातो हे बघायचं नाही असं म्हणणं म्हणजे आपला जबाब दुसऱ्याने लिहावा आणि आपण न वाचता अंगठा द्यावा. ते दिवस गेले असं आपण मोर्चात म्हणतो ना?

दुसरे, बहुतेक आपली शिकलेली पोरं, म्हणतात, मशीन आलं म्हणजे लबाडी संपली, मशीन कुणाचं ऐकत नाही. हेही आम्हाला पटत नाही. मशीनला जसं सांगाल तसं ते ऐकतं. म्हणूनच त्याला कोण काय सांगतंय हे बघायला हवं. आणि हे बघायला इंजिनीअर व्हावं लागत नाही. ज्याला स्वतःच्या बांधाचा दगड ओळखता येतो त्याला फोटोतला दगडही ओळखता येतो. उजेड, सावली, धूर, धुकं यांची आपल्याइतकी पारख कुणाला आहे?

तर काय करायचं?

जागेवर जाऊन पडताळणी करणं हे ग्रामसभेच्या वनहक्क समितीचं काम आहे. समितीने कळवल्यावर वन आणि महसूल खात्याच्या माणसांनी हजर राहायचं आणि कारवाईवर सही, हुद्दा, तारीख आणि शेरा द्यायचा, असं नियमात आहे. म्हणजे मोजणीवाले आपल्या शेतात पाहणीला आलेले पाहुणे आहेत, आणि घरचं माणूस समिती आहे. त्या नात्याने प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून पुढच्या गोष्टी लावून धराव्यात.

1. मोजणी सुरू व्हायच्या आधी मशीनची तारीख आणि वेळ समितीला दाखवावी. फोटोचा बारीकपणा मशीनमध्ये जेवढा जास्त असेल तेवढा ठेवावा.

2. काच पुसून घ्यावी. पावसाळ्यात वाफ धरते, उन्हाळ्यात धूळ.

3. प्रत्येक कोपऱ्यावर दोन फोटो. एक लांबून, ज्यात शेत आणि आजूबाजूचा भाग दिसेल. एक जवळून, ज्यात बांध, दगड, झाड दिसेल. बांधावर दावेदाराने नाहीतर एखाद्या बाईमाणसाने काठी घेऊन उभं राहावं, म्हणजे उंचीचा अंदाज येतो.

4. घर, खळं, विहीर, गडगा, राबाची जागा, लावलेली आणि राखलेली झाडं, यांचे वेगळे फोटो घ्यायला लावावेत.

5. प्रत्येक फोटो तिथल्या तिथे, पडद्यावर सावली धरून, दावेदाराला दाखवावा. त्याला बांध ओळखता आला नाही तर सेटिंग बदलून पुन्हा काढावा. एका शेतातून दुसऱ्या शेतात गेलं की उजेड बदलतो, म्हणून सेटिंग पुन्हा बघावी.

6. किती फोटो काढले, कुठल्या कोपऱ्यावर, कुठल्या दिशेला तोंड करून, हे पंचनाम्यात लिहावं. मोजणीवाल्यांनी पुन्हा फोटो काढायला नकार दिला तर तेही लिहावं आणि मगच सही करावी.

7. आपल्या मोबाइलवर आपणही फोटो काढावेत. दावेदाराकडून आणखी पुरावा घ्यायचा अधिकार समितीला आहे.

आणि एवढं करूनही दावा नामंजूर झाला किंवा क्षेत्र कापलं, तर कारण लेखी मागा. निर्णय कळल्यापासून 60 दिवसांत अपील करता येतं. अपिलात फोटोची प्रत मागा आणि ग्रामसभेपुढे ती सगळ्यांना दाखवा. ज्या फोटोत गावाला बांध ओळखता येत नाही, त्या फोटोवरून साहेबाला जंगल कसं ओळखता आलं, हा प्रश्न गावाने विचारायचा आहे.

आपल्या आज्या-पणज्यांनी जमीन कसली तेव्हा त्यांच्याकडे कागद मागितले. कागद जमवले तेव्हा नकाशा मागितला. आता फोटो मागतात. मागू देत, आपण देऊ. पण आपल्या जमिनीचा फोटो आपल्याला दिसेल, ओळखू येईल असाच देऊ.

जमीन कसू, बांध दाखवू, हक्क घेऊ!
जिंदाबाद!